ईसीयू ट्यूनिंग शिकायचंय? आधी मापं खरी करा

ईसीयू म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा छोटा संगणक. सिलिंडरमध्ये नेमकी किती हवा गेली हे त्याला कधीच दिसत नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि इंजिनाचा आरपीएम एवढ्यावरून तो हवेचा अंदाज बांधतो आणि त्या अंदाजाप्रमाणे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. ट्यूनिंग म्हणजे हा अंदाज खऱ्याच्या जवळ नेणं. लॅपटॉपवर आकडे बदलणं हा त्यातला सोपा भाग आहे. ज्या सेन्सरच्या भरवशावर आपण आकडे बदलतो, ते खरं बोलतायत का हे तपासण्यात माझे निम्म्याहून जास्त रविवार गेले. नव्याने शिकणाऱ्याने वेळ तिथेच घालवावा असं मला मनापासून वाटतं.

मी शिकलो ते जुन्या मारुती एस्टीमवर. १२९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नाही. शिकायला अशीच साधी गाडी घ्यावी. टर्बोच्या इंजिनात चूक झाली तर पिस्टन काही सेकंदांत वितळतो. साध्या इंजिनात चूक लक्षात यायला थोडा तरी वेळ मिळतो.

कुठल्या ईसीयूवर शिकावं

कंपनीचा ईसीयू बहुतेक वेळा कुलूपबंद असतो. त्यातला मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, वाचायला खास उपकरण लागतं, आणि कोणता आकडा कशाला जोडलाय हे नवख्याला समजत नाही. पिगीबॅक नावाची पेटी मधल्या मध्ये सेन्सरचे सिग्नल बदलून कंपनीच्या ईसीयूला फसवते. शिकण्यासाठी ती घेऊ नये, कारण तिचं सगळं काम खोट्या मापांवर चालतं. उरतो तो सुटा ईसीयू, ज्यातला प्रत्येक आकडा आपल्याला दिसतो आणि बदलता येतो.

अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांनी मेगास्क्वर्ट बनवला आणि घरी ईसीयू जोडणाऱ्यांना वाट मिळाली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्टने स्पीडुइनो सुरू केला. तो आर्डुइनो मेगा २५६० या सहज मिळणाऱ्या बोर्डावर चालतो आणि त्याचा सगळा कोड खुला आहे. दोन्हींसाठी लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ हेच सॉफ्टवेअर वापरता येतं. मी स्पीडुइनो घेतला, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्या अनुभवावरून आहे. तत्त्वं मात्र कुठल्याही ईसीयूला लागू पडतात.

कायद्याचं आधीच सांगतो. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने करता येत नाहीत. रस्त्यावर गाडी चालवायची तर पीयूसी लागतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा विचार मनातही आणू नका. त्या धुराचा त्रास मागून स्कूटरवर येणाऱ्या माणसाला होतो. फक्त ट्रॅकसाठी ठेवलेली गाडी असेल तर हात मोकळे राहतात. रस्त्यावरची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

लॅम्बडा, आणि आपल्या पंपावरचं पेट्रोल

शुद्ध पेट्रोलचा एक ग्रॅम पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून जो तो १४.७ हा आकडा सांगतो. पण आज आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे त्याला एका ग्रॅमला ९ ग्रॅमच हवा पुरते. दोन्हींचा हिशोब केला तर ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. कोल्हापूर-सांगलीच्या उसाचं इथेनॉल टाकीत आलं आणि परदेशी व्हिडिओंमधले आकडे आपल्यासाठी चुकीचे ठरले.

यावर उपाय म्हणजे लॅम्बडात विचार करणं. जाळायला जेवढी हवा लागते तेवढीच आली तर लॅम्बडा १. हवा जास्त आली तर १ च्या वर, म्हणजे लीन. कमी आली तर १ च्या खाली, म्हणजे रिच. इंधन कुठलंही असो, १ चा अर्थ बदलत नाही. एक्झॉस्टमध्ये बसवायचा वाइडबँड सेन्सरही मुळात लॅम्बडाच मोजतो. त्याच्या गेजवर दिसणारा १४.७ म्हणजे लॅम्बडाला १४.७ ने गुणून दाखवलेला आकडा. टाकीत ई-२० असलं तरी बरोबर मिक्स्चरला गेज १४.७ च दाखवणार. हे माहीत नसल्यामुळे ‘ई-२० आहे, मग गेजवर १३.५ आणू’ म्हणत गाडी विनाकारण रिच करणारे मी पाहिलेत. गेज आणि ट्यूनरस्टुडिओ दोन्ही लॅम्बडावर लावून टाका, म्हणजे हा गोंधळच होत नाही.

टर्बो नसलेल्या इंजिनासाठी सुरुवातीची लक्ष्यं अशी ठेवा: आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) १ किंवा किंचित रिच, सावकाश एकसारखं चालवताना १, आणि पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.९०. बॉशचा पहिला लॅम्बडा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बसला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला काम करायला लॅम्बडा १ च्या अगदी जवळ लागतो, आणि तो तिथे धरून ठेवण्यासाठीच तो सेन्सर आला होता. कन्व्हर्टर असलेल्या गाडीत पूर्ण थ्रॉटल वगळता १ सोडून इकडेतिकडे जाऊ नये, त्याचं कारण हेच.

लॅपटॉप उघडण्याआधी

कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडरच्या दाबात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर आधी इंजिनाचं काम करून घ्या. फ्युएल प्रेशर गेज लावून बघा. व्हॅक्यूम पाइप हाताने चाचपा, जुनं रबर वाकवलं की चिरा दिसतात. प्लग काढून त्यांचा रंग बघा. बॅटरीपासून इंजिनापर्यंतची अर्थिंगची वायर सोडून, घासून, पुन्हा घट्ट करा. थकलेल्या इंजिनाला ट्यूनिंगने बरं करता येत नाही.

आता सेन्सर. कुलंट आणि हवेच्या तापमानाचे सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तापले की त्यांचा रोध कमी होतो. ट्यूनरस्टुडिओला तीन तापमानांचे रोध दिले की मधला वक्र ते स्वतः काढतं. इंटरनेटवरचे तयार आकडे टाकू नका, घरी मोजा. मी स्टीलच्या भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घेतलं, सेन्सर दोऱ्याने बांधून तळाला टेकणार नाही असा सोडला, शेजारी थर्मामीटर ठेवला आणि मल्टिमीटर लावून पाच मिनिटं थांबलो. ० अंशाला ५,८७० ओहम आले. खोलीतल्या पाण्यात, २४ अंशाला, २,०८०. मग तेच भांडं गॅसवर ठेवलं. उकळत्या पाण्यात २०० ओहम. इथे एक बारीक गोष्ट आहे: पुण्या-कोल्हापूरच्या उंचीवर पाणी १०० ला न उकळता ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तिसरं माप मी ९८ म्हणूनच टाकलं.

थ्रॉटल सेन्सरचं कॅलिब्रेशन पेडल दाबून करा, हाताने थ्रॉटल उघडून नको. केबल सैल असेल तर हाताने १०० टक्के दिसतं आणि पायाने ९२ वर अडकतं. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, तो पडताळा. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभ्या गाडीत १०१ दिसत असेल तर कॅलिब्रेशनचा आकडा चुकलाय.

वाइडबँड सेन्सर कसा बसवावा

सगळी कामगिरी याच्यावर उभी आहे, म्हणून इथे घाई नको. बहुतेक कंट्रोलर बॉशचा एलएसयू ४.९ वापरतात. तो चारही सिलिंडरचा धूर एकत्र होतो त्याच्या पुढे आणि कन्व्हर्टरच्या आधी बसवा. घड्याळात दहा ते दोनच्या मधे जशी काट्याची दिशा असते तसा वरच्या बाजूने, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी त्याच्यात उतरत नाही. वीज न देता तो चालत्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, काजळी धरून तो निकामी होतो. गॅस्केटला लावायच्या काही सिलिकॉनच्या वाफाही त्याला मारतात. सेन्सरसाठी सुरक्षित म्हणून विकलं जाणारंच सीलंट घ्या.

कंट्रोलर ईसीयूला ० ते ५ व्होल्टचा सिग्नल देतो. दोघांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर मधे ०.१ व्होल्टचा फरक सहज पडतो, आणि काही कंट्रोलरवर तेवढ्याने लॅम्बडा ०.०२ ने चुकतो. गेजवरचा आकडा आणि लॅपटॉपवरचा आकडा शेजारी ठेवून बघा. वेगळे दिसले तर सिग्नलची अर्थिंग ईसीयूच्या सेन्सर अर्थिंगला जोडा, हीटरची स्वतंत्र इंजिनाला.

माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. आयडलला लॅम्बडा १.१५ दिसत होता. गाडी लीन आहे असं धरून मी पेट्रोल वाढवत गेलो. आकडा खाली यायला तयार नाही आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास सुटलेला. दोन आठवड्यांनी प्लग काढले तर चारही काळे, मखमलीसारखी काजळी धरलेले. दोष एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये होता. कडेला पेन्सिलने ओढल्यासारखी काजळीची बारीक काळी रेघ उमटली होती. एक्झॉस्टमधला दाब ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मधे त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजत होता. मिसिंग करणारं इंजिनही असंच फसवतं: न जळलेल्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन बाहेर येतो आणि सेन्सरला गाडी लीन वाटते, मग प्रत्यक्षात ती कितीही रिच असो. आता आकडा आणि नाक यांचं जमेनासं झालं की मी आधी गॅस्केट बघतो, लॅपटॉप नंतर.

इंजेक्टरचा हिशोब

हा हिशोब एकदा कागदावर करून बघा, पुढचं सगळं सोपं जातं. १२९८ सीसीचे चार भाग केले की एका सिलिंडरला ३२४.५ सीसी हवा येते. २० अंशाला आणि १०० किलोपास्कलला हवेची घनता लिटरला साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे हवा ०.३९ ग्रॅम. १४.७ ने भागलं की पेट्रोल ०.०२६५ ग्रॅम, म्हणजे ०.०३६ सीसी. इंजेक्टर मिनिटाला २०० सीसीचा असेल तर तेवढं सोडायला त्याला १०.७ मिलिसेकंद लागतील. ई-२० धरलं तर ११.५. ट्यूनरस्टुडिओ ‘रिक्वायर्ड फ्युएल’ म्हणून मागतो तो हाच आकडा.

आता पुरतो का ते बघू. ६,००० आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांचं होतं. लॅम्बडा ०.८७ साठी ई-२० वर ११.५ चे १३.२ झाले, म्हणजे इंजेक्टर ६६ टक्के वेळ उघडा. ८५ टक्क्यांच्या आत आहे, चालेल. त्याच्या वर जात असेल तर मोठा इंजेक्टर घ्या.

इंजेक्टरला वीज मिळाल्यापासून प्रत्यक्ष उघडायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. याला डेड टाइम म्हणतात. बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर आयडल लीन होत असेल तर दोष बहुधा या आकड्यात असतो, व्हीई टेबलमध्ये (सिलिंडर हवेने किती भरतो त्याचा तक्ता, पुढे येतोच) नव्हे.

पहिला सेल

टायमिंग म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते. सेल मारण्याआधी ते तपासायचा टायमिंग लाइट हातात हवा. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर पक्कं करा, इंजेक्टरचे प्लग काढून ठेवा, सेल मारा आणि पुलीवरच्या खुणेवर लाइट धरा. लॅपटॉप १० म्हणतोय आणि पुलीवर १६ दिसतंय, तर ट्रिगर अँगलचा आकडा बदलून दोन्ही जुळवा. गाडी सुरू झाल्यावर ३,००० आरपीएमला पुन्हा तपासा. हे न करता पुढे गेलात तर टायमिंग टेबलमधला प्रत्येक आकडा सहा अंशांनी खोटा राहील, आणि ते कळेल पिस्टन गेल्यावर.

इंजेक्टर जोडून गाडी सुरू झाली की आयडलच्या आसपासचे व्हीईचे चार-पाच आकडे हलवून तिला स्थिर करा आणि पूर्ण गरम होऊ द्या. गार इंजिनावर व्हीई ट्यून करू नका.

व्हीई टेबल

स्पीडुइनोत हे टेबल १६ गुणिले १६ चं आहे, २५६ घरं. आडवा आरपीएम, उभा मॅनिफोल्डचा दाब. प्रत्येक घर सांगतं की त्या स्थितीत सिलिंडर हवेने किती टक्के भरतो.

ट्यूनिंगच्या वेळी लॅम्बडावरून आपोआप होणारी दुरुस्ती, पिकअपचं वाढीव पेट्रोल आणि उतारावर पेट्रोल तोडणं, तिन्ही बंद ठेवा. मग २,४०० आरपीएम आणि ६० किलोपास्कलला गाडी चार-पाच सेकंद स्थिर धरा. समजा घरात ६२ आहे, लक्ष्य ०.९५ आणि सेन्सर १.०४ दाखवतोय. ६२ ला १.०४ ने गुणा, ०.९५ ने भागा: ६७.९. घरात ६८ लिहा, पुन्हा तिथे या आणि बघा. लीन असेल तर आकडा वाढतो, रिच असेल तर उतरतो. सगळ्या टेबलची रीत हीच.

स्थिर धरण्यावर माझा एवढा भर का, तर धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आयडलला तर चांगलाच जाणवण्याइतका. आरपीएम चढत असताना दिसणारा लॅम्बडा मागच्या घराचा असतो आणि आपण दुरुस्ती पुढच्या घरात करून बसतो. ट्यूनरस्टुडिओच्या पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत टेबल आपोआप सुधारायची सोय आहे. ती चांगली आहे, पण पहिली ३०-४० घरं हाताने करा. त्याशिवाय ती सोय कुठे चुकते हे ओळखता येत नाही.

गाडी कधी न पोचलेली घरं शेजाऱ्यांकडे बघून भरा आणि टेबलचं थ्री-डी चित्र उघडा. टेकडीसारखा गुळगुळीत चढ हवा. मधेच सुळका किंवा खड्डा दिसला तर बहुतेक वेळा त्या घराचं माप चुकलेलं असतं.

रस्त्यावर हे काम दोघांनी करायचं, एक जण चालवणार आणि दुसरा लॅपटॉप बघणार. स्टिअरिंगवर असताना स्क्रीनकडे नजर गेली तर अपघात होणारच. पूर्ण थ्रॉटलची घरं रस्त्यावर करू नयेत, त्यासाठी डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅक. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक लांब पडतो, पण डायनोचा एक तास भाड्याने घेता येतो. डायनोवर प्रत्येक आरपीएमला इंजिन धरून ठेवता येतं, ते ट्रॅकवरही जमत नाही.

टायमिंग

मिक्स्चर जागेवर आल्याशिवाय टायमिंगला हात लावू नका. कमी लोडला सिलिंडरमधलं मिक्स्चर विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी आधी पाडणं, जास्त लागतो. पूर्ण थ्रॉटलला ते दाट असतं, पटकन जळतं, तिथे ॲडव्हान्स कमी. डायनोवर दोन-दोन अंश वाढवत जा आणि टॉर्क बघा. दोन अंशांनी काहीच वाढलं नाही की दोन अंश मागे येऊन थांबा. टॉर्क वाढायच्या आधीच नॉकिंग, म्हणजे मिक्स्चर आपोआप पेटल्याची टकटक, ऐकू आलं तर तिथून तीन-चार अंश मागे.

नॉकिंग ऐकायला तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून, भोक पाडून ब्लॉकला बोल्टने बसवा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि कानावरचे इअरमफ. नुसत्या कानाला ऐकू येण्याआधी यातून पत्र्यावर वाळूचे दाणे पडल्यासारखा आवाज येतो. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने ई-२० इथे थोडी मदत करतं. पण त्या भरवशावर टायमिंग शेवटच्या काठावर नेऊ नका, मे महिन्यातल्या दुपारची हवा वेगळी असते.

गार स्टार्ट आणि पिकअप

या कामात घाई चालतच नाही. गार इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. सकाळी सेल मारा, लॉग चालू ठेवा, काय कमी पडलं ते लिहा, एकच आकडा बदला आणि उद्याची वाट बघा. क्रँकिंगचं पेट्रोल, सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांचं वाढीव पेट्रोल आणि गरम होईपर्यंतचं पेट्रोल हे तीन वेगळे आकडे आहेत. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर दुसरा बघा, पहिला नव्हे. माझे हे आकडे जमायला डिसेंबर आणि जानेवारी दोन्ही लागले.

पिकअपचं गणित त्यापेक्षा सोपं. थ्रॉटल झटकन उघडल्यावर गाडी क्षणभर अडखळते आणि लॅम्बडा १.२ च्या वर उडी मारतो, तेव्हा वाढीव पेट्रोल द्या. अडखळते पण लॅम्बडा ०.७५ ला जातो, तेव्हा कमी करा. कधीकधी उडी व्हीई टेबलमधल्या चुकीमुळे असते, म्हणून हे सगळ्यात शेवटी करायचं.

यानंतर लॅम्बडावरून आपोआप होणारी दुरुस्ती पुन्हा चालू करा, पण तिला ५ ते ८ टक्क्यांहून जास्त मोकळीक देऊ नका. सेन्सर बिघडला तर तेवढीच गाडी बिघडेल. प्रत्येक बदलाची फाइल तारखेसह वेगळी जतन करा आणि वहीत एका ओळीत लिहा की काय बदललं आणि का.

एक परीक्षा बाकी राहते, ती घाटाची. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना बाहेरचा दाब ९३ वरून ८७ च्या आसपास येतो. बाहेरच्या हवेचा दाब सतत बघणारा वेगळा बॅरो सेन्सर बसवलेला नसेल तर स्पीडुइनो किल्ली फिरवताना एकदाच बाहेरचा दाब मोजतो आणि गाडी बंद होईपर्यंत तोच धरून चालतो. माझ्या लॉगमध्ये पाचगणीच्या अलीकडे लॅम्बडा ०.०२ ने लीन सरकलेला दिसला. टेबल लँडच्या फाट्याजवळ गाडी बाजूला घेतली, बंद केली, पुन्हा सेल मारला. बॅरोच्या रकान्यात ८७ आलं आणि लॅम्बडा परत १ वर बसला. त्या आठवड्यात मी ईसीयूला दुसरा मॅप सेन्सर जोडला, त्याची नळी एअर फिल्टरच्या डब्याबाहेर मोकळ्या हवेत सोडली.